खुडूक का थांबली

४ मार्च, मंगळवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आज फिरून मोजल्या तशा: अंडी उबवायची कपाटं चार (तिसरं मुळात कपड्यांचं, आतून पत्रा मी ठोकला). ट्रे कलते करायची यंत्रणा, सायकलच्या दोन साखळ्या आणि गाडीच्या वायपरची मोटर वापरून. दमटपणासाठी पाण्याची टाकी, तरंगत्या गोळ्यासकट. उष्णतेचे आपोआप चालणारे खटके चार. धोक्याच्या वेळी वाजायला ट्रकचा भोंगा. ताईच्या ऑफिसातलं टेबल, ज्याचा एक पाय मुद्दाम बोटभर आखूड आहे, कारण फरशी तिरकी आहे, टेबल नाही. या वहीची बांधणी. आणि खुडूक.

अंड्यांवर ठाण मांडून बसणाऱ्या आणि कुणी हात घातला की टोचणाऱ्या कोंबडीला खुडूक म्हणतात. माझी खुडूक म्हणजे प्रोग्राम. दर तासाला सगळे ट्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलते करणं, पंखा आणि दमटपणा सांभाळणं हे तिचं काम. चार हजार एकशे बारा ओळी, सगळ्या माझ्या. कॉलेजात मी शिकायला कधी गेलो नाही. तिथल्या पंख्यांचं वायंडिंग करायला मात्र चारदा गेलो आहे.

हे सगळं आज मोजायचं कारण, ते भंगारात जायची भाषा झाली आहे.

हॅचरी ताईची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बावीस वर्षं मी तिचा मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन आणि, तिच्या शब्दांत, डोकेदुखी. गेल्या खेपेला खुडूक मधेच गप्प झाली आणि एकोणीस तास ट्रे हलले नाहीत. अंड्यातला जीव एका कुशीवर पडून राहिला की कवचाला चिकटतो. शंभरातून अठ्ठावन्न पिल्लं निघाली.

"धाकट्या, अठ्ठावन्न," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकांना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

"यंत्र बंद पडलं नव्हतं, ताई. प्रोग्राम थांबला होता."

"अंड्यांना सांग ते."

मग तिने सुनावलं. परवा चोवीसशे अंडी लावायची. शंभरात ऐंशी निघाली तर ठीक. एक जरी कमी निघालं तर टायवाल्याची पेटी बसवायची आणि माझी चारही कपाटं विकायची, वजनावर.

टायवाला म्हणजे कंपनीचा विक्रेता. सीलबंद तयार यंत्रं विकतो. हॅचरीच्या दमट हवेतही टाय बांधून येतो आणि पाच मिनिटांत तो टाय पडवळासारखा लोंबायला लागतो. अशा माणसाकडून मी हरणार नाही.


५ मार्च, बुधवार

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

सकाळी आठला रिकाम्या कपाटांवर खुडूक सुरू केली, अगदी गेल्या खेपेसारखी. टाकीतलं पाणी मुद्दाम कमी ठेवलं. नऊला ट्रे हलले, दहाला हलले, अकराला नाही. मी पडद्यासमोर हाताची घडी घालून बसलो. कशाला हात लावायचा नाही, पुरावा बिघडतो. पावणेदोन तास तसाच बसलो. पडद्यावर काहीही नवं नाही.

तेवढ्यात ही डबा घेऊन आली. ही सकाळी घरचं आवरते आणि दुपारी हॅचरीत ट्रे धुते, अंडी निवडते. "अहो, काय ध्यानाला बसलात?" म्हणत तिने पदराने कळफलकावरची धूळ पुसली आणि तिच्या बोटाखाली एंटर दाबला गेला. पडद्यावर ओळ उमटली (मराठी मी करतोय): *थांबलं. कळफलकाची वाट.*

मी ओरडलो. हिच्या हातून डबा पडला.

झालं होतं ते असं. यंत्रावर पडदा एक, कळफलक एक. तिथे मला इतरही कामं करायची असतात, म्हणून मी खुडूकला 'मागे' ठेवून चालवतो. यंत्राच्या मूळ व्यवस्थेत अशी सोय आहे: एक काम पुढे, बाकीची मागे. पण कळफलक फक्त पुढच्याचा. मागच्याने काही विचारायला तोंड उघडलं की व्यवस्था त्याला जागच्या जागी गोठवते. टाकीतलं पाणी कमी झालं की माझी खुडूक नम्रपणे विचारते, 'पाणी भरलं का?' बस्स! एवढ्या गुन्ह्यासाठी तिला गोठवलं.

बरं, गोठवलंस तर सांग ना! तर तेही नाही. कुणीतरी येऊन एंटर दाबेपर्यंत ती बातमी पोटात ठेवायची. घराला आग लागलेली दिसतेय, पण कुणी कडी वाजवली तरच सांगणार! ज्या कुणी शहाण्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या घरी पोरांना शाळेतून आणायचं काम कुणाकडे होतं, मला बघायचंय.

हिला सगळं समजावलं. ही जमिनीवरचं अन्न गोळा करत होती. म्हणाली, "म्हणजे मी एंटर दाबला म्हणून कळलं."

"तू निमित्त झालीस," मी म्हणालो. "शोध पद्धतशीर बसण्यातून लागतो."


६ मार्च, गुरुवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चोवीसशे अंडी लावली. आज शून्य दिवस. एकविसाव्या दिवशी, म्हणजे सत्तावीसला, निकाल.

दोन सुधारणा केल्या. पहिली, खुडूकला मागे ठेवायचंच नाही. ती कायम पुढे. पडद्यावर तिचाच तक्ता, त्यात दमटपणा, वेळ, आणि ताईने खराब अंड्यांचे आकडे भरायच्या चौकटी. दुसरी सुधारणा म्हणजे सासू. हा नवीन प्रोग्राम, अवघ्या साठ ओळींचा. दर वेळी ट्रे हलवले की खुडूक 'हलवले' म्हणते. सासू ते ऐकत बसते. सत्तर मिनिटं सुनेचा आवाज आला नाही की ट्रकचा भोंगा. दोघींना एकाच आज्ञेत नळीने जोडलंय. एकीच्या तोंडातून निघालेलं दुसरीच्या कानात.

भोंग्याची चाचणी घेतली. समोरच्या गॅरेजवाल्याच्या हातातला पाना पडला.

ताईला तक्ता दाखवला. टायपिंगला ती कच्ची, पण घाबरत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पत्रं लिहायला तीन वर्षांपूर्वी मीच शिकवलं आणि भिंतीवर माझ्या अक्षरात कागद लावून दिला: चुकलं तर कंट्रोल धरून झेड. चूक पुसली जाते. शिकवावं तर असं, चार शब्दांत.


९ मार्च, रविवार

तिसरा दिवस. बहात्तर वेळा ट्रे हलले पाहिजेत, बहात्तर वेळा हलले. मी तिन्ही रात्री नीट झोपलो. यालाच यंत्र म्हणतात.

एकच तक्रार. ही येता-जाता कपाटाची काच पुसून आत डोकावते. म्हटलं, पडद्यावर सगळं लिहिलेलं असतं. तर म्हणे, "पडद्यावर काय बघायचं? मी ट्रेकडे बघते." ज्याची त्याची पद्धत.


१५ मार्च, शनिवार

घाईत लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडलं.

आज पारख होती, म्हणून ही सकाळीच आली होती. नवव्या दिवशी एकेक अंडं दिव्यासमोर धरतो, रेघा दिसल्या तर जीव आहे, नितळ दिसलं तर बाद. बाद अंड्यांचे आकडे ताईने तक्त्यात भरले. साडेनऊला टायवाला आला, करारनामा टेबलावर ठेवून इकडेतिकडे वाकून बघत हिंडला आणि गेला. मी दिवसभर मागच्या खोलीत पंप उघडून बसलो होतो.

तीन वाजता ही माझ्याकडे आली. बाही धरून मला कपाटापाशी नेलं आणि ट्रेकडे बोट दाखवलं.

"सकाळपासून उजवीकडेच कललेत हे."

"शक्य नाही. भोंगा वाजला असता."

"भोंग्याला विचारा मग. मी दहा वाजता बघितले तेव्हा उजवीकडे, बाराला उजवीकडे, आताही उजवीकडे. आधी वाटलं योगायोग असेल. मग मीच दांडा फिरवून डावीकडे केले, बारालाच. पण ते आपणहून परत उजवीकडे गेले नाहीत."

"तू हाताने हलवलेस? मग उजवीकडे कसे?"

"आत्ता परत हलवले ना मी! तुम्ही आधी पडदा बघा, मग माझा हिशेब तपासा."

पडद्यावर तक्ता नव्हता. रिकामी ओळ, तिच्यावर टिमटिमणारी रेघ आणि वर एकच शब्द: *थांबलं.*

खुडूक थांबली होती, आणि सासूही! दोघी एकदम! मी खुडूकला आज्ञा देऊन पुन्हा चालू केलं. दोघी अशा उठल्या जसं काही झालंच नव्हतं. पाच तास. हिच्या दांड्यामुळे मधे दोनदा तरी अंडी हलली.

ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरवलं. हिलाही बजावलं.

"वन्संना न सांगता कसं चालेल?" ही म्हणाली.

"चालेल. मी कारण शोधून मगच सांगेन."


१६ मार्च, रविवार

कारण शोधलं. टायवाला!

पुरावा क्रमवार. एक: पाच तारखेला पडद्यावर शब्द होते 'थांबलं, कळफलकाची वाट'. या वेळी नुसतं 'थांबलं'. म्हणजे ती विचारायला गेली म्हणून गोठली नाही, कुणीतरी कळ दाबून तिला गोठवलं. तशी एक कळ आहेच, कंट्रोल आणि झेड. पुढे चाललेल्या कामाला ती जागीच थांबवते. दोन: ती कळ फक्त एकाला थांबवत नाही. नळीने जोडलेल्या सगळ्यांना एक टोळी समजते आणि अख्खी टोळी एका फटक्यात गोठवते. माझी सासू त्याच टोळीत होती! पहाऱ्याला ठेवलेली बाई चोराबरोबर एकाच खोलीत कोंडलेली. (हा दोष व्यवस्थेचा. माझ्या सासूत दोष नाही.) तीन: साडेनऊ ते पावणेदहा टायवाला खोलीत होता. चार: त्याच्या कंपनीचा फायदा.

सगळं जुळतं. उद्या त्याच्या तोंडावर म्हणणार.


१७ मार्च, सोमवार

तोंडावर म्हटलं नाही.

सकाळी ऑफिसात गेलो, टायवाल्याचा नंबर घ्यायला. ताई कुणाला तरी पत्र लिहीत होती. 'पिल्ले' लिहिताना चुकली, डावी करंगळी कंट्रोलवर, दुसरं बोट झेडवर, टक्. चूक गेली. पुन्हा चुकली. टक्.

"बघ," ती म्हणाली, "तू शिकवलंस ते किती कामाचं. आता बोट आपोआपच जातं."

भिंतीवर माझ्या अक्षरातला कागद होता. अक्षर चांगलं आहे माझं, लांबून वाचता येतं.

म्हणजे शनिवारी बाद अंड्यांचा आकडा भरताना चुकली असणार. झेड दाबलं असणार. चूक नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर खुडूक, सासू आणि सगळा तक्ताही. ताईला वाटलं असेल, स्वच्छ पुसलं गेलं.

एका यंत्रावर जी कळ 'माझं चुकलं, परत घे' म्हणते तीच दुसऱ्यावर 'सगळे जिथे आहात तिथे मरा' म्हणते! आणि हे कळायला कागदावर चार शब्द पुरे नव्हते, आणखी चार हवे होते. नंबर न घेताच परत आलो. येताना जिन्यात एकट्यालाच इतकं हसू आलं की कठडा धरावा लागला.


१८ मार्च, मंगळवार

ताईला सांगायचं नाही. मोठ्या बहिणीला 'तुझ्या बोटामुळे पाच तास गेले' असं म्हणून दुखवण्यात काय मोठेपणा? तिला कळूच द्यायचं नाही. खुडूकवरची झेडची कळ मी कालच निकामी करून टाकली.

गंमत म्हणजे याची गरजही नव्हती. शनिवारनंतर ताईने तक्त्याला हातच लावलेला नाही. सगळे आकडे पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिते आणि पुठ्ठा हिच्याकडे देते. विचारलं तर म्हणाली, "डोळे दुखतात पडद्याने." माझ्याशी बोलते मात्र फार गोड. काल दुपारी तर म्हणाली, "धाकट्या, दमला असशील, बस जरा." बावीस वर्षांत पहिल्यांदा. वय होतंय तिचं.


२० मार्च, गुरुवार

चौदावा दिवस. आता पूर्ण नवी रचना. जुन्या रिकाम्या यंत्रावर बसवून बघतोय, अंड्यांच्या यंत्राला अजून हात लावलेला नाही.

रचना अशी: ज्याला अंडी सांभाळायची त्याने पडद्यासमोर बसायचंच नाही. खुडूकला स्वतंत्र खोली. कळफलक नाही, पडदा नाही, पुढे नाही, मागे नाही. तिला काही विचारायचं असलं तर चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची आणि कामाला लागायचं. उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही. कळफलकावर दुसराच छोटा प्रोग्राम, तो चिठ्ठ्या दाखवतो. त्याला कुणी गोठवलं, मारलं, त्याच्यावर चहा सांडला, तरी खुडूकला पत्ता नाही. आणि सासूची खोली वेगळी. ती आता सुनेच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. ट्रेच्या दांड्याला लोहचुंबक आणि एक खटका बसवला. ट्रे खरोखर कलला की खटका वाजतो, सासू तोच मोजते. पडद्याकडे नाही, ट्रेकडे बघायचं! ही कल्पना मला आंघोळ करताना सुचली.

हिला दाखवलं. तिने आधी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान सुचलं तुम्हाला," म्हणाली.

मग चाचणी. पडद्याची तार उपटली. चिठ्ठ्यांचा प्रोग्राम मेला, खुडूक चालू. शाबास! मोटरकडे जाणारी तार उपटली, परत लावली. खुडूक मेली!

का? का? जेवलो नाही.

संध्याकाळी कळलं, आणि पुन्हा हसू. मोटरला आज्ञा ज्या तारेतून जातात ती जुनी जाडी तार, आणि व्यवस्थेच्या लेखी त्या तारेचं टोक म्हणजेही एक पडदा-कळफलकच! खुडूकला मी सगळ्या पडद्यांपासून सोडवलं, अगदी मोकळी केली. ती कामापुरती त्या तारेचं दार उघडायला गेली, आणि व्यवस्थेने पाहिलं, अरे, ही बिचारी बिनमालकाची! लगेच ते दारच तिचं मालक करून टाकलं. न विचारता! आणि मालकाची तार निघाली की सगळ्या आश्रितांनी मरायचं, हा नियम आहेच. एखादी बाई पत्ता विचारायला दारात उभी राहिली तर तिला घरची सून करून घेतल्यासारखं झालं हे, आणि वर त्या घराचे दिवे गेले की हिनेही प्राण सोडायचा.

दार उघडताना 'मला मालक नको' असं स्पष्ट सांगायची सोय असते. सांगितलं नाही तर हवा आहे असं धरतात. एक शब्द वाढवला. तार पाच वेळा उपटली, पाच वेळा लावली. खुडूक आपली हलवतेय ट्रे. मी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, नाचत. साक्षीदार फक्त ही.

"अहो, गुडघा," ही म्हणाली.


२१ मार्च, शुक्रवार

आज अदलाबदल. अंडी आत असताना जुनी खुडूक काढून नवी बसवायची. दोन हलवण्यांच्या मधे एक तास, तेवढ्यात व्हायला हवं. नऊ वाजता ट्रे हलले आणि मी सुरुवात केली. ही हातात घड्याळ धरून उभी, दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होती. ताई दाराशी आली, तिने आत बघितलं आणि बाहेरून दार लावून तिथेच खुर्ची टाकून बसली. कुणी आलं की सांगत होती, "आत नको, धाकट्याचं ऑपरेशन चाललंय."

एकोणिसाव्या मिनिटाला खटक्याची तार उलटी जोडल्याचं दिसलं. घाम हनुवटीवरून कळफलकावर पडला. "हळू," ही म्हणाली. "अजून वेळ आहे. हळू."

एक्केचाळीस मिनिटांत झालं. मग एकोणीस मिनिटं तिघंही काचेला नाक लावून. दहा वाजता मोटर घुरघुरली, साखळी ताणली गेली, आणि चारही कपाटांतले ट्रे, बाद काढून उरलेली दोन हजार तीनशे चार अंडी, एकदम डावीकडे झुकली. जशी एखादी शाळा मान तिरपी करून ऐकतेय.

ताईने माझ्या पाठीत धपाटा घातला. लहानपणी घालायची तसाच, आवाज मोठा, लागत नाही.


२४ मार्च, सोमवार

अठरावा दिवस. आजपासून अंडी हलवायची नाहीत. ती सपाट ट्रेमध्ये काढून ठेवली. खुडूकला म्हटलं, आता फक्त दमटपणा सांभाळ.

टायवाला सहीसाठी आला होता. मी ताईला चाळीस मिनिटं पटवलं की सत्तावीसपर्यंत सही करू नये. पुढचं आणि मागचं काम, टोळी, मालक, चिठ्ठी, सगळं समजावून सांगितलं. माझं बोलणं तिला पटलेलं दिसलं. टायवाल्याला म्हणाली, "सही केली असती हो, पण पेनच सापडत नाही." पेन तिच्या अंबाड्यात खोचलेलं होतं.  ही पदराआड हसत होती, कशाला ते कळलं नाही.


२६ मार्च, बुधवार

पहिला टोचा दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी. दुसऱ्या कपाटात, खालून तिसरा ट्रे. कवचाला बारीकशी चांदणी पडली आणि आतून आवाज, अगदी बारीक, दाताखाली खडा आल्यासारखा. मी हिला हाक मारली, हिने ताईला, ताईने गॅरेजवाल्याला. गॅरेजवाल्याने कान लावला आणि म्हणाला, "भोंग्यापेक्षा हे बरं."

शंभरात ऐंशी म्हणजे एकोणीसशे वीस. हा आकडा मी आज इतक्या वेळा म्हटला की ही वैतागून म्हणाली, "अहो, पिल्लांना ऐकू जाईल, ती दडपणाखाली येतील."


२७ मार्च, गुरुवार

दोन हजार सत्तेचाळीस! दोनदा मोजली. पहिल्यांदा दोन हजार एक्कावन्न आली होती, कारण चार माझ्या खिशात आणि शर्टात शिरली होती आणि मी ती दोनदा धरली. शंभरात पंच्याऐंशी पूर्णांक तीन.

खोलीभर पिवळं, खोलीभर चिवचिव. बोललेलं ऐकू येत नाही, सगळे ओरडतात आणि सगळे हसतात. ताईने पुठ्ठ्यावर आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग माझ्याजवळ येऊन कानात ओरडली, "त्या झेडचं मी कुणाला सांगितलं नाही हं, तूही सांगू नकोस."

मी म्हणालो, "कसलं झेड?"

ताई हिच्याकडे बघायला लागली. ही एका पिल्लाकडे बघायला लागली.

तर दोघींना बारा दिवस माहीत होतं. ही त्या शनिवारीच ताईकडे गेली होती! हिने ताईला झेड दाबताना पाहिलं होतं, पण त्याने काय होतं ते हिला माहीत नव्हतं. मी पडद्याकडे बघून ओरडलो तेव्हा जुळवलं. मी ताईपासून लपवत होतो, ताई माझ्यापासून, आणि ही दोघांना चहा देत होती. रागवायला पाहिजे होतं. पण खांद्यावर पिल्लू बसलेलं असताना माणसाला नीट रागावता येत नाही.


२९ मार्च, शनिवार

काल टायवाला आला. सही मागायला नाही. कंपनीतला एक वरचा माणूसही बरोबर होता, तो बिनटायचा. त्याने दोन तास खुडूक पाहिली. स्वतः तारा उपटून पाहिल्या, कळफलकावर झेड दाबला, एंटर दाबला, सगळ्या कळांवर तळहात आपटला. ट्रे आपले वेळेवर कलले (रिकामे होते, पण कलले). मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आमच्या पेट्यांतही हेच होतं. गोठतात. आठ इंजिनीअर दोन वर्षं शोधतायत, कारण सापडलं नव्हतं."

दोन वर्षं! शिकलेले आठ जण! मी चेहरा सरळ ठेवला. आतून, तारा उपटल्या त्या दिवसासारखा, नाचत होतो.

मग त्याने बोली सांगितली. मी तीनच प्रश्न विचारले.

"पेटी सीलबंदच राहणार?"

"हो. किल्ली कंपनीकडे."

"आत काही अडलं तर ताईला कळेल कसं?"

"लाल दिवा लागेल. मग आमचा माणूस येईल."

"किती वेळात?"

"दोन दिवसांत. फार तर तीन."

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, विचार करा. मी म्हणालो, केला.  टायवाल्याने टाय सैल केला, आणि प्रथमच मला तो माणूस म्हणून बरा वाटला.

ते गेल्यावर ही ट्रे धुवायला बसली. 

"विचारायचं तरी होतंत मला," ही म्हणाली.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाहीच म्हटलं असतं. तीन दिवस लाल दिव्याकडे बघत कोण बसणार? पण विचारायचं होतंत."

 दुसरी घासणी घेऊन तिच्या शेजारी बसलो. बावीस ट्रे धुतले.

बोली नोंदवून ठेवतो, शब्द न बदलता. खुडूक, सासू आणि चिठ्ठ्यांची पद्धत, तिन्ही कायमची कंपनीच्या नावावर. ओळी सगळ्या त्यांच्या ताब्यात, माझ्याकडे प्रत नाही. मी दोन वर्षं त्यांच्या कामावर. त्या दोन वर्षांत दुसऱ्या कुठल्याही उबवणीच्या यंत्राला हात लावायचा नाही, ताईच्याही नाही. एकरकमी चार लाख साठ हजार.